दोन्हीवर तोच आकडा

गळ्यात पट्टा आला की माणसाला अक्कल आली, असं समजण्याचा एक काळ पुण्यात होऊन गेला. पट्टा म्हणजे कंपनीचं ओळखपत्र लटकवायची ती निळी फीत. ती घालून सकाळी सव्वासातला कोथरूडच्या कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभं राहिलं, की आजूबाजूचे लोक आपल्याकडे आदराने बघायचे आणि भाजीवाली भाव वाढवून सांगायची. मीही त्या कोपऱ्यावर रोज उभा असे. फरक एवढाच, की बाकीचे बसची वाट बघायचे आणि बस वेळेवर का आली नाही याचं उत्तर देणं हे माझं काम होतं.

म्हणजे मी हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत वाहतूक खात्यात होतो. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजता, कुठल्या ड्रायव्हरची रजा, कुणाच्या गाडीचा एसी बंद, एवढंच माझं शास्त्र. टेबलावर कॉम्प्युटर होता, त्यावर मी वेळापत्रकाचे चौकोन रंगवायचो. पण सोसायटीत हे कुणी खोदून विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही. खोटं मात्र एकदाही बोललो नाही. "कंपनीत काय बघता?" असं कुणी विचारलं तर "सिस्टीम बघतो" म्हणायचो आणि जिना चढायला लागायचो.

त्यामुळे झालं असं, की चार इमारतींच्या आमच्या सोसायटीत कुणालाही कॉम्प्युटर घ्यायचा झाला की तो आधी माझ्या दारात यायचा. माझ्या सल्ल्याची पद्धत पक्की होती. डब्यावर एक चकचकीत स्टिकर असतो, त्यावर प्रोसेसरच्या वेगाचा आकडा असतो. मोठा आकडा चांगला, लहान आकडा वाईट. हे ज्ञान मंडईत कलिंगड घेणाऱ्यालाही असतं, पण मी ते डोळे बारीक करून, जरा थांबून सांगायचो. वर एक ठेवणीतलं वाक्य होतं, "दोन महिने थांबा, किमती पडतील." त्या वर्षांत किमती सतत पडतच होत्या, त्यामुळे माझी भविष्यवाणी कधी चुकली नाही. असा माणूस गावात असता तर लोकांनी त्याला ओळखून हाकलला असता. आमच्याकडे त्याला चहा मिळायचा.

अशा या सर्वज्ञाच्या घरात एक खरं काम करणारी व्यक्तीही राहत होती. माझी बायको. हिने सिव्हिलचा डिप्लोमा केला होता, मुलगी होईपर्यंत एका आर्किटेक्टकडे नकाशे काढले होते, नंतर सात वर्षं घर सांभाळलं. मुलगी शाळेत रुळल्यावर हिने एका क्लासला जाऊन इमारतींच्या फिल्मा करायला शिकून घेतलं. इमारत अजून खड्ड्यातच असते, पण फिल्ममध्ये आपण तिच्या फाटकातून आत शिरतो, जिना चढतो, गच्चीवर जातो. त्या काळी बिल्डरलोकांना याचं भारी वेड होतं. फ्लॅट वाकडमध्ये, पण फिल्ममध्ये गोऱ्या मड्डमा बाबागाड्या ढकलत फिरायच्या आणि जिथे साधी बाभूळ नाही तिथे पाम डोलायचे. आणि हे बघून आमच्यासारखे लोक बुकिंग करायचे, म्हणजे शहाणं कुणीच नव्हतं.

एका बिल्डरने हिला सांगितलं, "एका इमारतीची छोटी फिल्म करून आणा. फाटक ते गच्ची. शुक्रवारी अकराला माझ्या भागीदारांची बैठक आहे, तिथे दाखवा. आवडली तर बाकीच्या पाचही स्कीम तुमच्या."

हिच्यासाठी हे काय होतं ते मला दिसत होतं. हिने घरात एवढंच सांगितलं होतं, "हे जमलं तर मी घरून काम करीन. नाही जमलं तर शाळेत ड्रॉइंगच्या बाईंची जागा निघालीय, तिथे अर्ज करते." चिडून नव्हे, अगदी शांतपणे. हिचा शांतपणा हा आमच्या घरातला सर्वांत भीतिदायक प्रकार आहे.

इमारत हिने क्लासच्या मशीनवर बसून तयार केली होती, पण तिची फिल्म काढायला क्लासवाले मशीन देत नव्हते. कारण त्या कामाला फार वेळ लागतो. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, पानापानाचा रंग काय, हे सगळं कॉम्प्युटर हिशेब करून एकेक चित्र रंगवतो. अशी हजारभर चित्रं ओळीने लावली की चाळीस सेकंदांची फिल्म होते. तेव्हा स्वतःचं मशीन हवं होतं. साठवलेले पैसे हिचे स्वतःचे होते. हिने मला फक्त एवढंच विचारलं, "कुठलं घेऊ?"

अजून ती मला विचारत होती, यावरून तो काळ किती जुना आहे ते कळेल.

आम्ही आधी कसब्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानाचे मालक कॉम्प्युटर जोडून द्यायचे. वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, त्याच जागेत, त्याच टेबलावर. सगळी पेठ त्यांना भाई म्हणायची. हिने काम काय ते सांगितलं. भाई म्हणाले, "ताई, डेस्कटॉप घ्या. मी परवापर्यंत जोडून देतो."

मी पट्टा सरळ केला. रविवारी बाहेर पडतानासुद्धा मी तो घालत असे, हे आता सांगायला हरकत नाही. म्हणालो, "का बरं? लॅपटॉपवर पण तोच आकडा असतो. मी बघून आलोय. हा बघा, कागद आणलाय. दोन्हीवर तोच आकडा."

भाईंनी कागदाकडे बघितलंच नाही. खणातून दोन वस्तू काढून माझ्यासमोर ठेवल्या. एक ॲल्युमिनियमचा ठोकळा, चांगला नारळाएवढा, वर पंखा बसवलेला. दुसरी तांब्याची एक चपटी पट्टी, केसांच्या फणीएवढी, टोकाला रुपयाएवढा पंखा.

"ही डेस्कटॉपची थंड करायची सोय आणि ही लॅपटॉपची," ते म्हणाले. "डोकं दोघांचं सारखं असेल हो. पण एकाला वर पंखा लावलाय आणि दुसऱ्याला नुसती फुंकर. दोघांना उन्हात उभं करा आणि पाढे म्हणायला सांगा. पहिल्या पाच मिनिटांत फरक नाही कळायचा."

"म्हणजे आकडा खोटा?"

"आकडा खरा आहे साहेब. किती वेळ खरा, ते लिहिलेलं नसतं."

याहून स्वच्छ शब्दांत हा विषय मला पुढे कुणीही समजावला नाही. कंपनीतल्या ज्या पोरांचा तो धंदाच होता त्यांनीही नाही. मी काय केलं? बाहेर पडल्या पडल्या हिला म्हणालो, "त्याला स्वतःचा माल खपवायचाय. लॅपटॉप त्याला जोडता येत नाही ना!" हिने मागे वळून दुकानाची पाटी नीट वाचून घेतली.

आता खरं तर माझ्या धंद्यातच याचं उत्तर पडलेलं होतं. आमच्या दोन बसगाड्यांना एकच इंजिन होतं, कागदावर ताकद तीच. पण एक चांदणी चौकाचा चढ गाणं म्हणत चढायची आणि दुसरीचा ड्रायव्हर चढ आला की एसी बंद करून लोकांना घामाघूम करायचा. त्यावर मी स्वतः तीन पानी अहवाल लिहिला होता. पण स्वतःच्या धंद्यातलं शहाणपण दुसऱ्याच्या धंद्यात वापरायचं नसतं, अशी माझी समजूत असावी.

भाईंना चूक ठरवायचं म्हणून मी त्याच दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये जाहीर सामना ठेवला. एका बाजूला खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकांचा डेस्कटॉप. काका बँकेतून निवृत्त झालेले, कॉम्प्युटर माझ्याच सल्ल्याने घेतलेला. दुसऱ्या बाजूला शोरूमच्या टायवाल्या मुलाने नमुना म्हणून आणलेला लॅपटॉप. दोन्हीवर तोच आकडा. काकांचं धूड दोघांनी उचलून आणलं, तारांचं भेंडोळं सोडवायलाच पाऊण तास गेला. लॅपटॉप त्या मुलाने काखेतून काढला आणि वही उघडावी तसा उघडला. लोकांचा निकाल तिथेच लागला होता.

परीक्षा मीच काढली. काकांच्या पुतणीच्या लग्नाचे चाळीस फोटो लहान करायचे, जो आधी करील तो जिंकला. मी शिट्टी वाजवली. हो, शिट्टी. बसच्या ड्रायव्हरांना मागे घ्यायला सांगायची माझी शिट्टी होती. दीड मिनिटात लॅपटॉप पोचला. काकांचं मशीन दोन फोटो मागे राहिलं.

"अहो, माझ्यात पंचांग चालू होतं!" काका ओरडले. ते खरंच होतं. पंचांग, पत्रिका जुळवणी आणि विषाणू मारणारी तीन तीन सॉफ्टवेअरं एकाच वेळी चालू होती. सगळी मीच भरून दिलेली. पण टाळ्यांत कुणाला ऐकू आलं नाही. आणि मग, पुण्यात चार माणसं खुर्च्यांवर बसली की जे होतंच, ते झालं. सोसायटीने माझा सत्कार केला. शाल आणि श्रीफळ. "संगणक क्षेत्रातील मार्गदर्शनाबद्दल." मी मान खाली घालून शाल घेतली. नम्रपणाचंही मला चांगलं अंग होतं.

घरी येताना ही म्हणाली, "माझं काम दोन दिवस अखंड चालणार. तुम्ही त्यांना फाटकापर्यंत पळवलंत आणि पदक दिलंत."

मी हुकमाचं पान काढलं. "आणि गुरुवारचं काय?"

आमच्या भागात दर गुरुवारी सकाळी नऊला वीज जायची ती संध्याकाळी पाचला यायची. विजेचं हे साप्ताहिक व्रत सगळ्या पुण्याला पाठ होतं. लोक बुधवारीच मिक्सर फिरवून ठेवायचे. म्हटलं, "डेस्कटॉप गुरुवारी गेला की गेला. लॅपटॉपला बॅटरी आहे. आणि हिशेब बघ. एका चित्राला तीन मिनिटं. मंगळवारी सकाळी सातला लावलंस तर गुरुवारी वीज जायच्या सुमाराला हजार चित्रं तयार. थोडी उरलीच, तर बॅटरी." असा हिशेब मी वेळापत्रकाच्या चौकोनांत रंगवून दिला. हिरव्या रंगात. हिने तो चौकोन न् चौकोन तपासला आणि सोमवारी बँकेतून पैसे काढले. लॅपटॉप घरात आला.

मंगळवारी सातला हिने काम लावलं. पहिली पाच चित्रं खरोखर तीन तीन मिनिटांत झाली. मी हिच्याकडे अशा नजरेने बघितलं, की ते आठवून आजही मला माझाच राग येतो. मग टीपॉयच्या काचेवर ओरखडे नकोत म्हणून मी एक मखमली घडी करून मशीनखाली सरकवली. कालपरवाची सत्काराची शाल. ज्ञानाला ज्ञानाचं आसन, असंही काहीतरी बोललो आणि बस पकडायला गेलो.

संध्याकाळी आलो तेव्हा एकेका चित्राला सात मिनिटं लागत होती. पंखा असा कोकलत होता, जणू आत मांजराची शेपूट अडकलीय. ही कागदावर आकडे मांडत बसली होती.

"सातने गेलं तर रविवार उजाडेल," ती म्हणाली.

"नवीन आहे. रुळेल," मी म्हणालो. नवीन चपलेबद्दल बोलावं तसं.

बुधवारी सकाळी बसमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून मी ही हकिकत, अर्थात दुसऱ्या कुणाची म्हणून, सांगितली. ड्रायव्हर मुळशीकडचा, वीस वर्षं घाट चढलेला. त्याने समोरची नजर काढली नाही.

"त्याला पंखा हाय का?"

"आहे, बारीक."

"हवा कुठनं घेतोय?"

"खालून. खाली जाळी असते."

"आन् खाली काय हाय?"

"शाल."

त्याने गिअर टाकला. चांदणी चौकाचा चढ सुरू झाला होता. "म्हंजी रेडिएटरला पोतं गुंडाळून घाट चढवाय लागलाय व्हय तुमचा दोस्त?" मग बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. शेवटी म्हणाला, "साहेब, दोस्ताला सांगा, त्या इंजिनाला शिव्या देऊ नका म्हनावं."

कंपनीत पोचल्या पोचल्या मी घरी फोन लावला. "अगं, आधी ती शाल काढ खालची!"

"तुम्ही बाहेर पडलात तेव्हाच काढली," पलीकडून उत्तर आलं. "पोळपाट पालथा घालून त्यावर ठेवलंय. टेबलफॅन लावलाय."

"मग?"

"सातची पाच झाली. तीनची काही होत नाहीत. भाई म्हणाले होते ते हेच." भाई म्हणाले होते, यावर हिने जोर दिला नाही. गरजच नव्हती.

त्या दुपारी ही मुलीला शाळेतून आणायला गेली असताना मशीन तापून आपोआप बंद पडलं. शाळेतून मुलीचा गाण्याचा क्लास, क्लासमधून घर, असं करून ही परत येईपर्यंत तीन-साडेतीन तास गेले. त्या दिवशी आमच्याकडे पोळ्यांऐवजी भात होता. पोळपाट कामावर होता ना.

गुरुवारी मी रजा टाकली. रजेच्या अर्जात "घरगुती तांत्रिक अडचण" असं लिहिलं, म्हणजे बघा, सवय कुठवर मुरली होती. नऊला वीज गेली. टेबलफॅन थांबला, शेजारच्यांचा रेडिओ थांबला आणि आमचा लॅपटॉप चालू राहिला.

"बघ!" मी ओरडलो. "बघ, चालू आहे की नाही!"

ही घड्याळ लावून बसली होती. एका चित्राला अकरा मिनिटं लागली. बॅटरीवर गेल्याबरोबर त्याने पोट जपायला स्वतःची चाल स्वतःच निम्म्याहून खाली आणली होती. निवृत्तीला आलेल्या सरकारी माणसासारखं. अशी तीन चित्रं झाली, चौथं अर्ध्यात आलं आणि पडदा काळा झाला. ज्या गुरुवारच्या जोरावर मी मशीन विकत घ्यायला लावलं, तो गुरुवार साडेनऊ-पावणेदहालाच संपला.

हजारातली पावणेपाचशे चित्रं हातात होती. शुक्रवारी अकराला बैठक. मी म्हणालो, "एवढीच दाखव. फाटक आणि पहिला जिना. उरलेलं तोंडी सांग."

"त्याला गच्ची विकायचीय," ही म्हणाली. "गच्ची शेवटी आहे."

मग ती खिडकीशी कागद घेऊन बसली. मी आजूबाजूला घुटमळत होतो. पाणी हवं का, चहा करू का, असलं काही विचारत. पंधरा-वीस मिनिटांनी तिने मान वर केली.

"झाडं काढून टाकते," ती म्हणाली.

"कुठली?"

"सगळी. पानं रंगवण्यातच अर्ध्याहून जास्त वेळ जातो. आणि त्या मड्डमा, त्या मोटारी, कारंजं, सगळं काढते. नुसती इमारत. मग साध्या डेस्कटॉपवर मिनिटाला एक चित्र होईल."

"आणि झालेली पावणेपाचशे?"

"टाकायची. अर्ध्या इमारतीला झाडं आणि अर्धी बोडकी, असं दाखवता येतं का?"

तीन दिवसांचं काम तिने असं एका वाक्यात टाकून दिलं. माझ्यासारख्याने ते वाचवण्यात आणखी तीन दिवस घालवले असते. मी विचारलं, "डेस्कटॉप कुठून आणायचा?"

ती म्हणाली, "काकांकडे तुम्ही जा. मी नाही जाणार."

काका दुपारची वामकुक्षी उरकून व्हरांड्यात बसले होते. मला बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "या, या, पंच महोदय! आज शिट्टी कुठाय?"

मी अडचण सांगितली. काकांनी ती अगदी निवांत ऐकून घेतली, मधेच काकूंना हाक मारून बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "हां, आता पहिल्यापासून सांगा. हिलाही ऐकू दे." मी पहिल्यापासून सांगितलं. शालीचं सांगताना काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

"म्हणजे हरलेला घोडा आता वरातीला हवाय," काका म्हणाले. "नेऊ नका, इथेच चालवा. पण एक विचारू? तुम्ही कंपनीत नक्की काय बघता हो?"

वर बायको कागद घेऊन बसली होती. आडवळणं घ्यायला वेळ नव्हता. "बसगाड्या," मी म्हणालो. "वेळापत्रक. ड्रायव्हर. डिझेल."

"ते माहीत आहे हो. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा तुमच्याच बसने जातो. वर्ष झालं सगळ्यांना ठाऊक होऊन. आपण कधी सांगता, ते बघत होतो."

"मग सत्कार कसा केलात?"

"शाल आधीच आणलेली होती. कोजागिरीला व्याख्याते बोलावले होते, ते आलेच नाहीत. नारळ मात्र ताजा होता हो, नारळाबद्दल तक्रार नको."

पाचला वीज आली. हिने खाली जाऊन काकांच्या मशीनमधलं पंचांग, पत्रिका आणि माझी ती तीन सॉफ्टवेअरं एकेक करून बंद केली. डब्याच्या बाजूचा पत्रा उघडून ठेवला आणि काम लावलं. मिनिटाला एक चित्र. दहावं, शंभरावं, तीनशेवं, एकेक मिनिटच. आकडा तोच होता आणि तो खरा ठरत होता, तासन्‌तास. शेवटची तीनशे चित्रं वर आमच्या लॅपटॉपने पोळपाटावर बसून, टेबलफॅनच्या वाऱ्यात, दोन दोन मिनिटांनी केली. रात्रभर ही जिना वरखाली करत होती म्हणे. मला सांगता येणार नाही, मी झोपलो होतो. सकाळी आठला हजार चित्रं जोडून सीडी तयार होती.

बिल्डरच्या ऑफिसात मीही आत बसलो. म्हणजे हिला सोडायला आलो होतो, कुणी बाहेर थांबा म्हणालं नाही. फिल्म सुरू झाली. फाटक, भिंत, जिना, खिडक्या, गच्ची. स्वच्छ उजेड आणि सरळ सावल्या. पान नाही, मड्डम नाही, मोटार नाही. मला ती फार सुंदर वाटली, पण माझ्या मताची किंमत आता आपल्याला ठाऊक आहेच.

संपल्यावर बिल्डर भागीदारांकडे बघत म्हणाला, "झाडं कुठायत?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. ठेवला नाही, दिला.

"प्लॉटवर आहेत का?" हिने विचारलं.

"लावणार आहोत."

"किती?"

बिल्डर म्हातारा होता, चष्मा काढून पुसायला लागला. एक भागीदार हसला. दुसरा म्हणाला, "पण खोल्या कशा आहेत ते कळतंय हो. आपल्या त्या मागच्या फिल्ममध्ये नुसतं जंगल होतं, इमारत शोधावी लागायची."

"झाडं हवीतच," बिल्डरने चष्मा चढवला. "लोक झाडांसाठीच येतात. मंगळवारपर्यंत टाका. मग बाकीच्या पाचांचं बोलू."

"पुढच्या शनिवारी देते," ही म्हणाली. "झाडं रंगवायला बरंच काम लागतं. मशीन घ्यायचंय त्यासाठी. आणि आधी पाचांचं बोलू, झाडं नंतर."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बिल्डर डायरी उघडत होता.

खाली आलो. मी गाडी स्टँडवरून काढली, किक मारली. म्हटलं, "चला, आता डेस्कटॉपच घेऊ. मी काय म्हणतो, या खेपेला आकडा जरा मोठाच—"

मागे वजन बसल्याचं जाणवेना म्हणून वळून बघितलं. ही रस्ता ओलांडून पलीकडे रिक्षात बसत होती. "कसबा पेठ," असं रिक्षावाल्याला सांगितल्याचं स्पष्ट ऐकू आलं. कसब्यात यायला रिक्षावाला लगेच तयार झाला, हेही त्या दिवशीच घडायचं होतं. रिक्षा सुटली आणि मागच्या काचेतून हिने मला हाताने खूण केली. मला वाटलं, मागून या. नंतर कळलं, घरी जा, मुलगी शाळेतून यायची वेळ झालीय.